सामाजिक उद्योग (कोल्हापूर)

सामाजिक उद्योग : एखादी सामाजिक अडचण सोडवण्यासाठी काढलेला, विक्रीच्या पैशातून स्वतःचा खर्च भागवणारा आणि उरलेली शिल्लक त्याच कामाकडे किंवा त्यात राबणाऱ्यांकडे वळवणारा व्यवसाय. देणगीवर चालणाऱ्या संस्थेत दात्याचा हात आखडला की काम थांबते. येथे गिऱ्हाईक टिकले तर काम टिकते. बांगलादेशातील ग्रामीण बँकेचे संस्थापक व २००६ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी मुहम्मद युनूस यांनी या कल्पनेची कडक व्याख्या केली : गुंतवणूकदाराने मुद्दल तेवढे परत घ्यावे, लाभांश घेऊ नये. या व्याख्येत कोल्हापूरच्या सहकारी संस्था बसत नाहीत, कारण त्यांची शिल्लक सभासदांत वाटली जाते. पण सभासद हेच जर अडलेले शेतकरी असतील तर त्यांना वगळणे बरोबर नाही, म्हणून या नोंदीत त्यांचा समावेश केला आहे.

कोल्हापुरातील सर्वांत बोलके उदाहरण एका चहाच्या हॉटेलाचे आहे. राजवाड्याच्या नोकरीतील गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला लावला आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचे हॉटेल सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कोण येणार? महाराज गाडी दारात थांबवून स्वतः चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही कप हातात घ्यावा लागला. महाराजांनी गंगारामांना तनखा बांधून दिला असता तर त्यांचे घर चालले असते, पण पाण्याचा विटाळ जिथल्या तिथे राहिला असता. येथे विकला गेलेला प्रत्येक कप हीच सुधारणा होती. विक्री आणि समाजकार्य अशी दोन खाती वेगळी काढावी लागली नाहीत, हे या प्रकारच्या उद्योगाचे खरे लक्षण.

दुधाचा व्यवहार याहून मोठा आणि रोजचा. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याभोवती दूध, शिक्षण आणि बाजार उभा केला. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संस्थेत जायचे, माप घालायचे, फॅट (दुधातली स्निग्धता) लावून घ्यायचे, ठरल्या दिवशी बिल उचलायचे. दिवाळीच्या तोंडावर वर्षाचा ‘फरक’ हाती पडतो. बाजारात नफा म्हणतात त्याला गावात फरक म्हणतात, आणि या शब्दात फार मोठा अर्थ आहे : आधी दिलेला दर आणि खरा मिळायला हवा होता तो दर यांतले अंतर, म्हणजे मूळ उत्पादकाचेच पैसे. ज्याला शेत नाही त्याच्याही दारात एखादी म्हैस असते, त्यामुळे ऊस न पिकवणाऱ्या घरापर्यंतही हा पैसा पोहोचतो. वैरण, शेण आणि धार बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला असते. सभासद म्हणून नाव मात्र पुष्कळदा तिच्या नवऱ्याचे लागते, आणि ही उणीव लहान नाही.

अपंगांच्या बाबतीत नसीमा हुरजूक यांचे काम महत्त्वाचे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. वसतिगृह आणि शिक्षणाच्या पुढे जाऊन संस्थेने सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू प्रक्रियेचा उद्योग उभारला. ही निवड विचार करण्याजोगी आहे. काजूगराची साल काढणे आणि प्रतवारी करणे ही बसून करायची, बोटांच्या कसबाची कामे. एका पौंडात किती गर बसतात यावर प्रत ठरते. अख्ख्या गराला भाव मिळतो, तुकडा झाला की उतरतो. म्हणजे घाईपेक्षा हलक्या हाताला किंमत.

अशा उद्योगाची अडचण बहुधा खेळत्या भांडवलाची असते. काजूचे पीक उन्हाळ्याच्या आसपासच्या मोजक्या महिन्यांत येते. वर्षभर काम हवे असेल तर बी तेव्हाच घेऊन ठेवावी लागते आणि पैसा गोदामात अडकून पडतो. शिवाय चाकाच्या खुर्चीसाठी उतार, रुंद दारे, ने-आण यांचा खर्च मालाच्या किमतीत घातला तर माल बाजारात महाग पडतो. हा खर्च देणगीतून भागवावा आणि उत्पादनाचा खर्च विक्रीतून, अशी विभागणी करण्यात कमीपणा नाही. मात्र दोन्ही हिशेब वेगळे लिहिले पाहिजेत, नाहीतर तोटा दयेच्या पांघरुणाखाली वाढत जातो.

कायद्याच्या दृष्टीने असे काम सहकारी संस्था, सार्वजनिक न्यास, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कंपनी कायदा २०१३ मधील कलम ८ खालील, लाभांश न वाटणारी कंपनी अशा रूपांत चालवता येते. रूप कोणतेही असो, सभासद हिशेब विचारतो का, यावर त्याचे आयुष्य ठरते. कोल्हापूरच्या वार्षिक सभांत विषय वाचून व्हायच्या आत एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’चा गजर उठतो. त्या गोंगाटात फरकाचा दर कसा काढला, हा प्रश्न घेऊन उभा राहिलेला म्हातारा शेतकरी अहवालाचे पान दुमडून खाली बसतो.