विक्रीच्या घरासाठी न्यूट्रल रंग

घर विकायला काढायच्या आधी भिंतींना ऑफ व्हाइट, क्रीम, बेज, हलका करडा किंवा ग्रेज (बेज आणि करड्याच्या मधला) असा कुणाच्या डोळ्यात न खुपणारा रंग देऊन घेण्याची पद्धत. बघायला आलेल्याला आधीच्या मालकाची आवड दिसू नये, खोली आणि उजेड दिसावा, एवढाच हेतू.

ही पद्धत कुठून आली यावर एकमत नाही. घर सजवून दाखवण्याच्या व्यवसायातले लोक ती होम स्टेजिंगला जोडतात, आणि स्टेजिंगची सुरुवात बार्ब श्वार्ट्झ यांनी 1972 मध्ये अमेरिकेत केली असं सांगितलं जातं, पण हा दावा मुख्यतः त्या व्यवसायातूनच पुढे आलेला आहे. आर्किटेक्चरवाले आणखी मागे जातात, 1920 च्या दशकातल्या आधुनिक घरांपर्यंत. आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएने 1925 मध्ये पांढऱ्या भिंतींचा जोरदार पुरस्कार केला हे खरंय, पण त्यानेच 1931 मध्ये साल्युब्रा कंपनीच्या वॉलपेपरसाठी 43 शेड्स काढल्या, तेव्हा सगळं श्रेय त्याच्या पांढऱ्याला देणं घाईचं ठरेल. तिसरं मत रंगाच्या रसायनाचं आहे आणि ते जास्त पटतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. त्याच्या रुटाइल प्रकाराचा अपवर्तनांक (पदार्थ उजेड किती वाकवतो त्याचं माप) साधारण 2.7 आहे, झिंक ऑक्साइड या दुसऱ्या पांढऱ्याचा साधारण 2.0, त्यामुळे थोड्या रंगात भिंत चांगली झाकली जाते आणि शिशाच्या पांढऱ्याचं विषही टळतं. असा पांढरा बेस स्वस्तात मिळायला लागला आणि त्यात थेंबभर काळा, पिवळा, तांबूस टाकून शेकडो फिक्या शेड्स बनवणं सोपं झालं. फॅशन मात्र बदलत राहिली, ढोबळमानाने 1990 नंतर बेज, 2010 च्या दशकात करडा आणि अलीकडे परत उबदार छटा.

निवडताना खरी गोची होते ती झाकेची. मन्सेल पद्धतीत रंग तीन गोष्टींनी मोजतात, जात (लाल, पिवळा, निळा वगैरे), उजळपणा आणि क्रोमा म्हणजे रंगाची तीव्रता, आणि काटेकोर न्यूट्रलचा क्रोमा शून्य असतो. बाजारात न्यूट्रल म्हणून मिळणाऱ्या बहुतेक शेड्सचा तसा नसतो, त्यात पिवळी, गुलाबी, हिरवी, निळी अशी काहीतरी झाक असतेच, शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावर ती कळत नाही आणि चारही भिंती रंगवल्या की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडून तीच झाक दाटते. शेजारचा रंगही खेळ करतो. पॅरिसमधल्या गोबलँच्या टेपेस्ट्री (चित्र विणलेले पडदे) कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने तपासलं तर दोष धाग्याचा नव्हता, बाजूच्या रंगांचा होता, आणि 1839 मध्ये त्याने हा नियम सविस्तर मांडला. घरात हेच होतं: तांबूस लाकडाच्या फरशीला लागून हलका करडा लावला की भिंत हिरवट आणि आजारी वाटायला लागते, मग लोक रंगाला नावं ठेवतात. म्हणून आधी जे बदलणार नाही ते बघायचं, फरशी, टाइल्स, किचनचा दगड, आणि भिंत त्याला जुळवायची. उलटं केलं तर पैसे वाया जातात.

उजेडाचंही तसंच. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थंड, निळसर उजेड येतो, तिथे निळसर करडा उदास वाटतो आणि क्रीम बरा दिसतो, दक्षिण गोलार्धात दिशा उलटी. 2700 केल्विनच्या बल्बखाली पिवळी झाक वाढते, 6500 ला निळी. दोन शेड्स एका दिव्याखाली सारख्या आणि दुसऱ्याखाली वेगळ्या दिसणं याला मेटामेरिझम म्हणतात, जुन्या भिंतीला पॅच मारताना हेच नडतं. म्हणून थेट भिंतीवर ठिपके मारू नयेत, मोठ्या बोर्डावर दोन हात मारावेत, कडेला पांढरी पट्टी सोडावी आणि तो बोर्ड सकाळी, दुपारी, दिवे लावून, प्रत्येक भिंतीशी धरून बघावा. शेडकार्डवर बऱ्याचदा एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू) दिलेला असतो, 0 ते 100 मध्ये भिंत किती उजेड परतवते त्याचा आकडा. ऑफ व्हाइट साधारण 75 ते 85 आणि ग्रेज 55 ते 65 च्या आसपास असतो, अंधाऱ्या खोलीत मात्र नुसता आकडा वाढवून भागत नाही, उजेडच नसेल तर पांढराही मळका दिसतो.

किंमत खरंच वाढते का? पुरावा विरळ आहे. झिलो या घरांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या 2017 च्या विश्लेषणात निळसर बाथरूमची घरं अंदाजापेक्षा जास्त किमतीला गेलेली दिसली, म्हणजे न्यूट्रलच नेहमी जिंकतो असं नाही, पण असा रंग लावणारा मालक बाकी घरही नीट ठेवत असेल, त्यामुळे कारण रंगच होतं असं म्हणता येत नाही. न्यूट्रलने किंमत चढते यापेक्षा नकार कमी येतात हे म्हणणं जास्त सावध आहे.

फिनिशबद्दल थोडक्यात: मॅटमध्ये (बिनचमकीचा) भिंतीचे उंचवटे लपतात पण डाग पुसताना चमक उठते, किचन-बाथरूमला सॅटिन (हलक्या चमकीचा) बरा. ओल आणि पोपडे रंगाखाली दाबू नयेत, आधी गळती बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग प्रायमर. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की बघणारा नेमकं तिथेच ओल शोधतो. उरलेला डबा शेड कोड आणि बॅच नंबरसकट नव्या मालकाला द्यावा, पॅच त्यातूनच जुळतो.