नैराश्याची रक्तातली खूण

रात्री अकराच्या सुमारास १ मिलिग्रॅम डेक्सामेथॅसोनची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. नैराश्य ओळखण्यासाठीची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मानसोपचारातली सर्वांत गाजलेली तपासणी एवढी साधी होती. अनेक मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं, चला, आपल्यालाही एक प्रयोगशाळा मिळाली! ती आशा कुठून आली आणि पुढे तिचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात उंदरांपासून. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांना दिसलं की थंडी, इजा, विषारी द्रव्य असं काहीही असलं तरी उंदराचं शरीर साधारण एकाच पद्धतीने प्रतिसाद देतं: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. गंमत म्हणजे ‘नेचर’मधल्या त्यांच्या त्या छोट्या टिपणाच्या शीर्षकात ‘स्ट्रेस’ हा शब्दच नव्हता; तो नंतर रूढ झाला. मराठीतला ‘ताण’ही तसाच, आधी दोरीचा आणि मग मनाचा.

दुसरा धागा दवाखान्यातला. हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून सुटणारं ताणाचं संप्रेरक, फार वाढतं, आणि अशा रुग्णांमध्ये नैराश्यही वारंवार दिसतं. १९५० च्या सुमारास त्याच्याच जातकुळीतलं कॉर्टिसोन औषध म्हणून आलं, तेव्हा ते घेणाऱ्यांची मनःस्थितीही कधी उसळायची, कधी ढासळायची. मग उलटा प्रश्न पडणं स्वाभाविक होतं: नैराश्यातल्या माणसांचं कॉर्टिसॉल किती असतं? १९५० च्या दशकापासून मोजमापं सुरू झाली आणि बऱ्याच रुग्णांत ते जास्त निघालं. एडवर्ड सॅकर यांनी १९७३ मध्ये चोवीस तास सलग नमुने घेऊन दाखवलं की गंभीर रुग्णांत ते रात्रीही चढलेलं असतं. एरवी मध्यरात्रीच्या आसपास ते सर्वांत खाली असायला हवं.

शरीराला इथे ब्रेक आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून सुटलेलं कॉर्टिसॉल परत वर जाऊन ‘पुरे’ म्हणतं. डेक्सामेथॅसोन हे कॉर्टिसॉलचंच कृत्रिम भावंड. ते दिलं की निरोगी माणसाचं स्वतःचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी खाली राहतं. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या बर्नार्ड कॅरोल यांनी १९६८ मध्ये नोंदवलं की तीव्र नैराश्यात हा ब्रेक नीट लागत नाही. १९८१ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात ४३८ जण होते. ‘मेलँकोलिया’ या गंभीर प्रकाराचे ६७ टक्के रुग्ण या चाचणीत सापडले आणि तो आजार नसलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना तिने बरोबर वगळलं.

आणि मग चाचणी सर्रास वापरात आली. तिथेच पाय घसरला. वजन झपाट्याने उतरलेलं असो, दारू नुकतीच सोडलेली असो, स्मृतिभ्रंश असो किंवा फिटची काही औषधं चालू असोत, निकाल ‘पॉझिटिव्ह’ येई. काही जणांचा तर केवळ रुग्णालयात भरती होण्याच्या ताणानेही येत असावा. सौम्य नैराश्यात मात्र अनेकदा काहीच दिसत नसे. १९८७ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या कृतिदलाने तिच्या मर्यादा मांडल्या आणि रोजच्या निदानातून ती मागे पडली. माझ्या मते चूक चाचणीची कमी आणि अपेक्षेची जास्त होती. कॅरोल यांनी ती एका विशिष्ट प्रकारासाठी आणली होती. लोकांनी ती ‘डिप्रेशन’ या भल्यामोठ्या पेटाऱ्यावर लावली.

शोध तिथे थांबला नाही, फक्त साखळीत वर सरकला. हायपोथॅलॅमसचा तो पहिला इशारा, म्हणजे ४१ अमिनो आम्लांचं सीआरएच, वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये ओळखलं. तीनच वर्षांत चार्ल्स नेमेरॉफ आणि सहकाऱ्यांना नैराश्यातल्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ते वाढलेलं आढळलं. त्याला अडवणारी औषधं बनवायची धडपड पुढे बरीच झाली, पण नैराश्यावरच्या चाचण्यांत त्यांनी निराशाच केली. दरम्यान मोजमाप सोपं झालं: लाळेतून सकाळचं कॉर्टिसॉल कळतं, आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढत असल्याने केसांतून मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो.

१९९० च्या दशकात नजर रोगप्रतिकारशक्तीकडे वळली. नैराश्यातल्या गटांमध्ये इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी हे शरीरातल्या दाहाची (इन्फ्लमेशनची) खूण देणारे रक्तातले घटक सरासरीने जास्त भरतात. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा. व्यक्तीगणिक पाहिलं तर निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, आणि लठ्ठपणा किंवा धूम्रपानानेही सीआरपी वाढतं. २०१३ मध्ये दाह कमी करणारं इन्फ्लिक्सिमॅब औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर आजमावण्यात आलं. एकूण गटात ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे नकली औषधापेक्षा, सरस ठरलं नाही, पण ज्यांचं सीआरपी सुरुवातीलाच जास्त होतं त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. ‘नैराश्य आहे का’ याऐवजी ‘कुणाला कोणतं औषध’ हा प्रश्न तेव्हापासून जास्त विचारला जाऊ लागला आहे.

आज डॉक्टर नैराश्याच्या रुग्णाला रक्त तपासायला सांगतात ते बहुधा थायरॉइड, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ पाहण्यासाठी, म्हणजे दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. कॉर्टिसॉल त्या चिठ्ठीवर क्वचितच असतं.