फोर बाय फोर असली तरी बर्फावर गाडी घसरतेच

डिसेंबर उजाडला की ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मनालीचे बेत शिजू लागतात आणि ‘आपली फोर बाय फोर आहे, बर्फाची काळजी नको’ हे वाक्य हमखास कानावर पडते. हा समज अर्धाच खरा आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाल्यामुळे गाडी बर्फातून सुटते, चढही चढते. परंतु ब्रेक प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत तिला साध्या हॅचबॅकपेक्षा काहीही अधिक मिळत नाही.

पकड ठरते ती टायरच्या रबरावर, आणि ठाण्याच्या उकाड्यात उत्तम चालणारे रबर तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की कडक होऊ लागते. मनालीजवळच्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलच्या बाजूला बाहेर पडल्यावर सावलीतल्या वळणावर जो रस्ता नुसता ओला वाटतो, तो पारदर्शक बर्फाचा थर असू शकतो. तेथे चाकांना साखळ्या, खालचा गिअर आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर हेच उपयोगी पडते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीचे ब्रेक पेडल पायाखाली थरथरले (अनेकांना तो बिघाड वाटतो), तरी पाय उचलू नये.