शेवटची कोरडी पायरी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मे महिना म्हणजे विहीर. माझ्या वयाची पोरं काठावरून मुटके मारायची आणि पोहायला शिकायला आलेला मी आठवडाभर शेवटच्या कोरड्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचे बिंडे, कमरेला कासरा, त्याचं दुसरं टोक आबांच्या हातात. तयारी सगळी झाली होती. तयार मात्र वाटत नव्हतं. ‘उद्या उतरतो,’ मी म्हणायचो. आबा म्हणायचे, ‘उद्या भ्या आणखी वाढंल, बाळा.’

ते का वाढतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. ‘उद्या’ म्हटलं की छातीतली धडधड लगेच उतरते, हायसं वाटतं. टाळलं म्हणून सुटलो, एवढंच मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाट आधी सुचवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये भीती टिकून राहण्याचं हे कारण मांडलं. शिवाय पायरीवर बसणाऱ्याला पाण्यात नेमकं काय होतं ते कधी कळतच नाही. मग भीती खोटी ठरणार कशी?

आपण समजतो, आधी धीर येईल, मग उडी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये जे मांडलं त्यात क्रम जवळजवळ उलटा आहे. ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः थोडंफार करून बघितल्यावर. दुसऱ्याचं पाहून किंवा कुणी समजावून येणारा विश्वास त्याहून कच्चा.

शरीराचंही तेच. आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या एकट्या लहान मेंदूत. हात असा मारला तर अंग तसं सरकेल, असा अंदाज तो आधीच बांधतो. घडतं भलतंच, नाकात पाणी जातं. मग काही खास तंतू चूक झाल्याची खबर आणतात आणि पेशींमधले जोड बदलू लागतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये हे तंतू लहान मेंदूला शिकवतात अशी कल्पना मांडली. पुढे जपानच्या मासाओ इतो यांच्या प्रयोगांत त्यांच्या खबरीने ठरावीक जोड कमजोर पडताना दिसले. म्हणजे गटांगळी हाच शिकण्याचा कच्चा माल, आणि तो कोरड्या पायरीवर मिळत नाही. बुडण्याच्या भीतीने हात वर करणारा खाली का जातो, हेही पाण्यातच उमगतं: अंगाचा जेवढा भाग पाण्याबाहेर, तेवढा पाण्याचा आधार कमी.

मात्र कासऱ्याशिवाय कुणालाही विहिरीत ढकलू नका. त्यात जीव जाऊ शकतो; वाचलाच तरी पाण्याची दहशत जन्मभर बसू शकते. बिंडे, कासरा, काठावरचा जाणता माणूस ही तयारी हवीच. वाट पाहू नये ती फक्त तयार वाटण्याची.

आठव्या दिवशी मी उतरलो. मनसोक्त पाणी प्यालो. दर दोन-तीन दिवसांनी आबा एकेक बिंडा सोडवायचे. अंग जड व्हायचं, अंदाज पुन्हा चुकायचे, दुपारपर्यंत पुन्हा जुळायचे. शेवटचा बिंडा सुटला तेव्हाही पोटात गोळा होताच. तो घेऊनच मी समोरच्या दगडी भिंतीपर्यंत गेलो.