तोलामोलाचं स्थळ: तराजू तोच, वजनं बदलत गेली

ज्यांच्या घरात कधी लग्नाचं बोलणं निघालंय त्यांनी "आपल्या तोलामोलाचं बघा" हे वाक्य ऐकलेलं असणारच. तोल आणि मोल, दोन्ही शब्द सरळ बाजारातले, तरी कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. लग्न म्हटलं की आपण जातीबद्दल बोलतो आणि ते बरोबरच आहे, कारण इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे नावाचा जो मोठा सर्व्हे झाला त्यात २०११-१२ साली देशभरात आंतरजातीय लग्नं साधारण ५ टक्केच निघाली. पण उरलेली ९५ टक्के लग्नं काय, जातीत कुणाचंही कुणाशीही झाली? तसं कधीच नव्हतं. जातीच्या चाळणीखाली अजून एक बारीक चाळण होती, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

जुन्या काळात ही चाळण होती जमीन, वतन आणि कूळ. मराठ्यांमध्ये शहाण्णव कुळी म्हणायचं आणि त्यातही कुणाचं कूळ वरचं कुणाचं खालचं हे सोयरीक जुळवताना बरोबर बाहेर निघायचं. पाटलाची पोरगी पाटलाकडे नाहीतर देशमुखाकडे जाणार, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याच्या घरी नाही, मग जात एक असली तरी. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं त्यात हे नीट मांडलंय की उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, लांब देतात, दक्षिणेत नात्यातच लग्नं करतात आणि महाराष्ट्र या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, बऱ्याच समाजात तर तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क धरायचे. देशस्थांत चालायची, कोकणस्थांत नाही. आता मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे घर बघितलेलं, ऐपत माहीत, हुंड्याची घासाघीस कमी आणि जमीनजुमल्याचा मामला ओळखीतल्या ओळखीत. याहून जास्त तोलामोलाचं काय असणार!

याला जोडून जुन्या बायका अजून एक सांगायच्या, मुलगी आपल्यापेक्षा वरच्या घरी द्यावी आणि सून आपल्यापेक्षा खालच्या घरची करावी. म्हणजे बरोबरी म्हणताना सुद्धा नवऱ्याचं पारडं थोडं जडच ठेवायचं. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मग इंग्रजी शाळा आली, नोकऱ्या आल्या आणि एका जातीतली दोन घरं चाळीस-पन्नास वर्षात एकमेकांपासून इतकी लांब गेली की पूर्वी तसं व्हायला पिढ्या लागल्या असत्या. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे रखमाबाईची केस. ही गोष्ट आपल्याला बालविवाहाची आणि स्त्रीच्या हक्काची म्हणून माहीत असते, ती तशी आहेच, पण जरा वेगळ्या बाजूने बघा. मुलगी सुतार समाजातली, मुंबईची. वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं, तो एकोणीसचा, त्याच समाजातला. जातीच्या हिशोबाने काहीच चुकलेलं नव्हतं. पण तिचे सावत्र वडील होते डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तेव्हा संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यातले एक. त्या घरात पुस्तकं होती, युरोपियन लोकांची ये-जा होती. इकडे दादाजी शिकला नाही, तब्येतीने खचलेला, मामाच्या घरी राहणारा. जावई शिकेल, हाताशी धरून त्याला वर आणू अशी डॉक्टरांची अपेक्षा होती, ते काही झालं नाही आणि रखमाबाई मात्र घरच्या घरी वाचत शिकत राहिली.

१८८४ मध्ये दादाजीने कोर्टात दावा लावला की बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. तिच्या बाजूने कोर्टात जी कारणं दिली गेली ती वाचण्यासारखी आहेत: नवऱ्याची स्वतःला आणि बायकोला नीट ठेवायची, पोसायची ऐपत नाही, त्याची तब्येत बरी नाही, आणि तो ज्याच्या आश्रयाने राहतो त्या माणसाची चाल बरी नाही. पहिलंच कारण ऐपत! १८८५ मध्ये जस्टिस पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, १८८७ मध्ये जस्टिस फॅरन म्हणाले नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि ती म्हणाली तुरुंग चालेल. टिळकांनी तिच्या विरोधात लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपये देऊन दादाजीशी तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरत आणि राजकोटला काम केलं, परत लग्न केलं नाही. माझ्या मते आपल्याकडे "एकाच जातीतलं पण तोलामोलाचं नाही" हे भांडण जाहीरपणे कोर्टात गेलं ते बहुतेक इथेच, फक्त तेव्हा सगळे धर्म बुडाला की राहिला यावरच बोलत होते.

आता उलटी बाजू, जात वेगळी पण वर्ग एक. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधातच सांगितलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, आणि पुढे १९३६ मध्ये रोटीव्यवहाराने भागणार नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे हे ठासून लिहिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला कायद्याने मान्यता दिली आणि स्वतःच्या नात्यातच मराठा-धनगर सोयरीक ठरवली. कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या यशवंतराव होळकरांना दिली, लग्न लागलं १९२४ मध्ये, महाराज जाऊन दोन वर्षं झाली होती. पाऊल मोठंच होतं, त्यात शंका नाही. पण एक मराठा संस्थानिक घराणं आणि एक धनगर संस्थानिक घराणं, दोन्हीकडे वाडे, हत्ती, नोकरचाकर. जातीची भिंत पडली ती दरबाराच्या आतल्या आत. खुद्द बाबासाहेबांचं १९४८ चं लग्न घ्या, शारदा कबीर सारस्वत ब्राह्मण, म्हणजे त्या काळात किती मोठी गोष्ट, आणि त्या एमबीबीएस डॉक्टर. कमी लेखायला सांगत नाहीये, उलट मुद्दा असा की जात ओलांडायची तर दुसरा काहीतरी समान धागा लागतोच आणि तो बहुतेक वेळा शिक्षणाचा नाहीतर पैशाचा निघतो.

कायदा हळूहळू सरकला. १८७२ च्या नोंदणी लग्नाच्या कायद्यात आम्ही कुठलाच प्रमुख धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं, १९२३ मध्ये ती अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सैल झाली, १९४९ मध्ये आंतरजातीय हिंदू लग्नं वैध धरली, मग धर्म न सोडता कुणालाही नोंदणी लग्न करू देणारा १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट. १९६१ मध्ये हुंडाबंदीही आली, तिचं काय झालं ते आपण बघतोच.

खरी गंमत नोकरीच्या जमान्यात झाली. साठ-सत्तरच्या दशकात बँकेतला नाहीतर एलआयसीतला मुलगा म्हणजे सोनं, पगार बांधलेला, नोकरी पक्की. १९८३ नंतर महाराष्ट्रात खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि पुढच्या वीस वर्षात इंजिनिअर हा शब्द स्थळाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला, मग कॉम्प्युटर, मग "मुलगा यूएसएला असतो", मग पुण्याजवळच्या हिंजवडीतली आयटी कंपनी. वधू-वर सूचक मंडळाच्या वह्यांमध्ये आधी जात-पोटजात-गोत्र-नाडी आणि नंतर कुठेतरी नोकरी असायची, तो क्रम आमच्या ताईसाठी स्थळं बघायला लागलो तोपर्यंत उलटा झाला होता, फोन उचलल्यावर समोरून आधी पॅकेज विचारायचे आणि मग "आपण कोणापैकी?" ताईची स्वतःची अट एकच होती, की मुलाला विनोद कळला पाहिजे, पण त्याला रकानाच नव्हता. पेपरातल्या जाहिरातीत "आंतरजातीय चालेल" असं लिहून पुढे कंसात "एससी एसटी क्षमस्व" लिहिणारे महाभाग तर सगळ्यांनी वाचलेत. म्हणजे दार उघडलं, पण कुणासाठी ते आधीच ठरलेलं.

कोलकात्यात बॅनर्जी, डुफ्लो, घटक आणि लाफॉर्च्युन या चार अर्थशास्त्रज्ञांनी बंगाली पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातींचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की जातीबाहेर जाणं टाळायला मुलीकडचे लोक अगदी न शिकलेला आणि मास्टर्स झालेला यातला फरकसुद्धा सोडायला तयार होते. पण खरी मेख पुढे आहे. प्रत्यक्षात त्यांना तसं काही सोडावं लागतच नाही, कारण प्रत्येक जातीत आता शिकलेले, कमावते, फ्लॅटवाले पुरेसे आहेत, त्यामुळे जातीतच हवा तो क्लास मिळून जातो. हे वाचल्यावर मला जात आणि वर्ग यांची भांडणं का होत नाहीत ते कळलं, एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत ना ते. अजून एका अभ्यासात तर असं निघालं की जोडप्याच्या स्वतःच्या शिक्षणाने आंतरजातीय लग्नाची शक्यता फारशी वाढत नाही, नवऱ्याची आई शिकलेली असली तर वाढते. सासूबाईंना एवढं महत्त्व संशोधनातही मिळावं!

या सगळ्याचा चटका आज कुणाला बसतो तर गावाकडच्या पोरांना. वर म्हटलं ना, मुलगी वरच्या घरी द्यायची, तर आता वर म्हणजे शहर. त्यात मुलीच कमी, महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला, आम्हाला बायको मिळवून द्या म्हणून. लोकं हसली, मीम झाले. त्या मोर्चात ज्यांची पोरं आली असतील तशी पाच-दहा एकर बागायत असलेली घरं पन्नास वर्षांपूर्वी तालुक्यात पहिल्या नंबरची स्थळं धरली गेली असती.

जमीन पूर्ण बाद झालीय असंही नाही बरं का. व्हॉट्सअॅपवर फिरणारा कुठलाही बायोडेटा उघडा, मामाचं कूळ आणि गाव आहे, "नातेसंबंध" पुढे सात-आठ वजनदार आडनावांची रांग आहे, अपेक्षेत पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे. आणि पोरीकडचा मध्यस्थ फोनवर हळूच सांगतो, गावाकडे शेती पाहिजे बरं का, पण मुलगा शेती करणारा नको.