स्की रिसॉर्टच्या बर्फाचे आकडे आले कुठून?

स्कीइंगला जायच्या आधी सगळे जण तेच चार-पाच आकडे बघतात, २४ तासात किती ताजा बर्फ पडला, खाली बेसला आणि वर टॉपला किती साचलाय, पुढच्या काही दिवसांचं हवामान काय, आणि हिमस्खलनाचा धोका १ ते ५ मधे कितवर आहे. एकाच स्क्रीनवर दिसतात म्हणून एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात, पण प्रत्येकाचा उगम वेगळा आहे. कुणीतरी भलत्याच कामासाठी ते मोजायला सुरुवात केली होती, आणि ते काम कोणतं होतं हे कळलं की कुठल्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची हेही बरंच कळतं.

हवामानाचा अंदाज आला समुद्रावरून. १८५९ मधे रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात सापडून वेल्सच्या किनाऱ्याजवळ फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर ब्रिटिश नौदलातल्या रॉबर्ट फिट्झरॉयने टेलिग्राफवरून बंदरांना वादळाचे इशारे द्यायची व्यवस्था उभी केली. ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या टाइम्समधे रोजचा अंदाज छापून यायला लागला. पुढे नॉर्वेत बर्गनला विल्हेल्म ब्यर्कनेसच्या गटाने फ्रंटची, म्हणजे थंड आणि उबदार हवा जिथे भिडते त्या सीमेची, कल्पना मांडली, १९५० मधे एनिअ‍ॅक कॉम्प्युटरवर पहिला गणिती अंदाज काढला गेला, आणि १९७९ पासून युरोपियन सेंटर ही युरोपातल्या देशांची हवामानसंस्था नियमित अंदाज द्यायला लागली.

यात डोंगर कुठेच केंद्रस्थानी नव्हता आणि ते आजही जाणवतं. अंदाज काढणारं जागतिक कॉम्प्युटर मॉडेल पृथ्वीचे काही किलोमीटरचे चौकोन करतं आणि एका चौकोनाला एकच उंची देतं, म्हणजे शिखर आणि दरी मिळून एक सरासरी. फोनमधलं साधं अ‍ॅप बरेचदा त्या सरासरी उंचीचं किंवा खालच्या गावाचं तापमान दाखवतं, आणि वर तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. म्हणून तापमानापेक्षा आधी फ्रीझिंग लेव्हल बघावी, म्हणजे शून्य अंश कुठल्या उंचीवर आहे ते. बर्फ वितळायला थोडा वेळ लागतो त्यामुळे तो सहसा त्या उंचीच्या दोनतीनशे मीटर खालपर्यंत पोचतो, त्याच्याखाली पाऊस. बेस त्या रेषेच्या खाली आणि टॉप वर असेल तर एकाच दिवशी एकाच रिसॉर्टमधे खाली चिखल आणि वर मस्त पावडर, म्हणजे हलका कोरडा ताजा बर्फ, आणि दोन्ही खरं.

आता बर्फ किती, हा प्रश्न. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो जेम्स चर्च या माणसाबद्दल. हा नेव्हाडातल्या रीनो इथल्या विद्यापीठात लॅटिन वगैरे शिकवणारा प्राध्यापक, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भर हिवाळ्यात माउंट रोझ चढून बर्फ मोजायचा. वसंतात टाहो तलावाला किती पाणी येणार यावरून तेव्हा वाद चालले होते आणि नुसती खोली मोजून त्याचं उत्तर मिळत नव्हतं, म्हणून त्याने एक पोकळ नळी बनवली, बर्फात खालपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट वजन करायचं, की त्यात पाणी किती ते कळतं.

तोच हिशोब आजच्या प्रत्येक अंदाजामागे आहे. मॉडेल आधी पाणी काढतं, मिलिमीटरमधे, आणि मग त्याचा सेंटिमीटरमधे बर्फ केला जातो. ढोबळ नियम १ सेंटिमीटर पाण्याला १० सेंटिमीटर बर्फ, पण कोरडा थंड बर्फ त्याच पाण्यात १५-२० सेंटिमीटरही भरतो आणि ओला जड बर्फ दहाच्या खाली राहतो. त्यामुळे एक अ‍ॅप १५ म्हणतंय आणि दुसरं ३० म्हणतंय तेव्हा वादळाबद्दल दोघांचं एकमत असू शकतं, फरक फक्त गुणोत्तराचा. हे गुणोत्तर का बदलतं याचा मोठा भाग जपानच्या उकिचिरो नाकायाने उलगडला. १९३६ मधे होक्काइदोला त्याने प्रयोगशाळेत सशाच्या केसावर बर्फाचा स्फटिक वाढवला आणि तापमान आणि बाष्प यांवरून आकार कसा ठरतो ते दाखवलं. उणे १५ च्या आसपास भरपूर बाष्प असेल तर मोठे फांद्या फुटलेले तारे बनतात, ते एकमेकांवर पोकळ रचले जातात, आणि ज्याच्यासाठी लोक लांबून येतात तो हलका बर्फ मिळतो.

धोक्याची पातळी मात्र मृत्यूंमधून आली. दावोसच्या वर वाइसफ्लुयोखला स्विस लोकांनी १९३६ पासून बर्फाचा सलग अभ्यास सुरू केला, दुसऱ्या महायुद्धात लष्कराने हिमस्खलनाची बुलेटिन्स काढली आणि १९४५ पासून ते काम तिथल्या संस्थेकडे आलं. अमेरिकेत युटामधल्या अ‍ॅल्टाला युद्धावरून परतलेला मॉन्टी अ‍ॅटवॉटर फॉरेस्ट सर्व्हिस या सरकारी वनखात्यासाठी हेच काम करायला लागला, स्फोटकं लावून, तोफ डागून उतार आधीच मोकळे करायचे. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समधे दोनशेहून जास्त माणसं हिमस्खलनात गेली. तरी देशोदेशीच्या पातळ्या वेगवेगळ्याच होत्या, पाच पातळ्यांचं समान माप युरोपने १९९३ मधे ठरवलं. ३ म्हणजे मधली, म्हणजे ठीक आहे, असं कृपया समजू नका, स्वित्झर्लंडमधले साधारण निम्मे बळी ३ च्या दिवशीच जातात. शिवाय हा आकडा मुख्यतः आखलेल्या पिस्टच्या, म्हणजे रिसॉर्टने तयार केलेल्या स्कीच्या वाटांच्या, बाहेरच्या उतारांसाठी असतो.

बेसची खोलीही १९५० नंतर बदलली. त्या वर्षी कनेक्टिकटमधल्या तीन इंजिनियर लोकांनी दाबाखालची हवा आणि पाणी नॉझलमधून फवारून बर्फ बनवला, आणि आता बऱ्याच ठिकाणी बेसच्या आकड्यात मशीनचा बर्फही धरलेला असतो. तो दाट असतो, टिकतो, पण फक्त फवारलेल्या पट्ट्यांवरच असतो.

राहिला २४ तासांचा ताजा बर्फ, आणि हा आकडा रिसॉर्ट स्वतःच देतं. पद्धत साधी, पांढऱ्या फळीवर पडलेलं मोजायचं आणि फळी साफ करायची. पण पडलेला बर्फ दबत जातो, त्यामुळे दर तासाला साफ करून बेरीज केली तर एकदाच मोजण्यापेक्षा आकडा मोठा येतो, म्हणूनच अमेरिकेतल्या सरकारी हवामान खात्याचा नियम आहे की दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा साफ करायची नाही. डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टचे रिपोर्ट तपासले तेव्हा २००९ च्या त्यांच्या पेपरमधे शनिवार-रविवारचा ताजा बर्फ २३ टक्के जास्त निघाला, आणि निसर्गाला वार कळत नाही. मग फोनवरून स्कीअर लोकांना उतारावरूनच बर्फ कळवता यायला लागला तसं, विशेषतः जिथे नेटवर्क चांगलं तिथे, हे फुगवणं झपाट्याने कमी झालं. आता कित्येक रिसॉर्ट मोजपट्टीवर कॅमेरा लावून ठेवतात, तो बघताना पट्टी शेवटची कधी साफ केली ती वेळ आधी शोधा, आणि जवळ बर्फ मोजणारं एखादं ऑटोमॅटिक स्टेशन असेल तर त्याचाही आकडा शेजारी ठेवा.