एन्फिल्ड दिसली म्हणजे बंदूक दक्षिणेचीच?

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५) एक समजूत वर्षानुवर्षं फिरतेय: कारखाने उत्तरेकडे होते, त्यामुळे विलायती बंदुका फक्त दक्षिणेनं घेतल्या.

कारखाने उत्तरेत होते हे खरंच, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण १८६१ मध्ये लाखोंची भरती झाली आणि कारखान्यांना तेवढा वेग लगेच गाठता येईना. मग दोन्ही बाजूंचे दलाल युरोपच्या एकाच बाजारात उतरले, एकमेकांवर चढी बोली लावत. उत्तरेनं दहा लाखांहून जास्त परदेशी बंदुका घेतल्या. त्यांत चार लाखांवर इंग्रजी एन्फिल्ड (१८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याला ठाऊक असलेली तीच) आणि दोन लाखांवर ऑस्ट्रियन लोरेन्झ. लोरेन्झच्या दर्जाबद्दल सैनिकांची कुरकुर असे, ती वेगळी गोष्ट.

पडताळायचं कसं? एन्फिल्डच्या घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, साल आणि ‘टॉवर’ असा शिक्का सहसा दिसतो. त्यावरून माल इंग्रजी एवढंच कळतं, गिऱ्हाईक कोण ते नाही. दक्षिणेच्या खरेदीतल्या काही बंदुकांवर मात्र जहाजाच्या नांगराची खूण सापडते. उत्तरेच्या पलटणींचे तिमाही शस्त्रतक्तेही उपलब्ध आहेत. त्यांत एन्फिल्डची नोंद जागोजागी दिसते.